मार्गदर्शिकेत नसलेलं वाक्य

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं लागतात आणि म्हाताऱ्या माणसाला ती सहज मिळतात. आधी गुडघे होते, मग मोतीबिंदू झाला. मग वाटलं, ज्यांना सांगायचं तीच माणसं राहिली नाहीत, आता सांगून कोणाचं काय भलं होणार? पण माझी सून सुजाता अजून आहे. भावकीतल्या लग्नाला गेली की अजून तिच्या पाठीमागे बायका कुजबुजतात, "हिनंच म्हातारीला घराबाहेर काढलं." ती ऐकते आणि वाढायला घेते. तिला स्वतःलाही खरं काय झालं ते माहीत नाही. म्हणून लिहितो आहे.

सीताफळं आली आहेत. नेकनूरच्या रस्त्याला डोंगरातल्या बाया पाट्या घेऊन बसल्या आहेत. डोळे उघडलेली फळं वर, कच्ची खाली. बस थांबली की चार-पाच जणी खिडकीशी धावतात आणि बस सुटली की पुन्हा सावलीला जाऊन बसतात. परवा मुलाने पिशवीभर आणली. घरात तो गोड, जरासा आंबूस वास भरला आणि मी ओसरीतून उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. मुलाला वाटलं, उकडतंय.

विहारात या दिवसांत वर्षावासाचं ग्रंथवाचन संपत आलेलं असतं. आषाढी पौर्णिमेला सुरू होतं आणि अश्विन पौर्णिमेला खीर करून संपतं. पंचवीसेक वर्षं ते वाचन माझ्याकडे होतं. हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, आवाज बरा होता, आणि मुख्य म्हणजे मला समजावून सांगता यायचं. एक वाक्य वाचायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरच्या बायाबापड्यांकडे बघायचं आणि म्हणायचं, "म्हणजे काय, तर..." त्या 'म्हणजे काय, तर'च्या पुढे मी जे सांगायचो ते पुस्तकात असायचंच असं नाही. बहुतेक वेळा पुस्तकातलंच असायचं, थोडं सोपं केलेलं. कधी त्यात माझं एखादं भरीचं वाक्य मिसळायचं. लोक मान डोलवायचे. कुठे पुस्तक संपलं आणि कुठे गुरुजी सुरू झाले, हे त्यांना कळत नसे. पुढे पुढे मलाही कळेनासं झालं.

यंदाही समितीची पोरं आली होती. "गुरुजी, औंदा तरी तुमीच वाचा."

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय रे."

"आवो, मग तर आता लईच चांगलं दिसत आसन की!"

सगळे हसले. मीही हसलो आणि सुजाताला चहा टाकायला सांगितला.

माझ्या थोरल्या भावाची बायको, आमची वैनी, या वाचनाला अगदी पुढे बसायची. पांढरं पातळ, पदर घट्ट खोचलेला, हात मांडीवर. तिला सही करता यायची आणि बसची पाटी वाचता यायची, तेवढंच. पण छापील अक्षरावर तिचा जो विश्वास होता तो मी शिकल्या-सवरलेल्या माणसांत पाहिला नाही. "पुस्तकात हाय ना? मग झालं," असं म्हणून ती वाद मिटवायची. माझी आई मी लहान असताना गेली. वैनी लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो, आणि तेव्हापासून माझ्या अंगावरचं प्रत्येक कापड तिने धुतलं. मास्तर झाल्यावर पहिल्या दिवशी घालायच्या सदऱ्याला इस्त्री नव्हती, तर तिने तांब्यात निखारे घालून ती केली. बाहीला डाग पडला. तो डाग लपवायला मी दिवसभर बाह्या दुमडून फळ्यावर लिहिलं.

तिची एक गोष्ट सगळ्या भावकीला ठाऊक होती. लग्नानंतरच्या पहिल्याच बाजाराला दादा तिला हॉटेलात चहा पाजायला घेऊन गेला. आमच्या लोकांचे कप बाहेर भिंतीला खुंटीवर असायचे. आपण काढायचा, मालक वरून चहा ओतणार, पिऊन आपणच विसळून पुन्हा खुंटीला लावायचा. वैनीच्या माहेरी, परळीकडे, हे मोडलेलं होतं. तिने त्या कपाकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि म्हणाली, "मला चहा सोसत न्हाई." तिथून ती पायी घरी आली. नंतर खुंट्या गेल्या, ते हॉटेलही गेलं. पण वैनीने घरात एक नियम करून टाकला होता. कोणाचं ताट ठरलेलं नाही. हाताला येईल त्यात जेवायचं. माझ्या लग्नात भांडीवाल्याकडे नाव कोरायचं मशीन घेऊन माणूस बसला होता. "कोणाचं नाव टाकू, बाई?" त्याने विचारलं. ही म्हणाली, "कोणाचंच नको. भांड्याला नाव पडलं की त्याला मालक होतो." आमच्या घरात आजही एकाही भांड्यावर नाव नाही.

तिच्या मानेला गाठी आल्या त्या पावसाळ्यात. आधी बीडला, मग संभाजीनगरला. तपासण्या होऊन डॉक्टर म्हणाले, हा रक्ताच्या कर्करोगाच्या कुळातलाच आजार आहे, पण औषधाला दाद देणारा आहे. दर तीन आठवड्यांनी डोस. त्यातलं एक औषध लालभडक होतं. नर्सबाई ते हातमोजे घालून, सुईकडे एकटक बघत, हळूहळू शिरेत सोडायच्या. "आजी, आग झाली तर लगेच सांगायचं बरं का." वैनी म्हणाली, "आग न्हाई, पर हे तर रसनाच दिसतंय की." दादा तोवर गेलेला होता, माझी बायकोही गेलेली होती. आम्ही दोघं पिवळ्या खुर्च्यांवर बसून राहायचो आणि थेंब बघायचो.

निघताना त्यांनी एक पातळ पुस्तिका दिली. त्या औषधाची रुग्णांसाठीची मार्गदर्शिका, सगळी इंग्रजीत. मुखपृष्ठावर एक हसरी गोरी बाई, डोक्याला फडकं. "मराठीतली संपली," खिडकीवरचा माणूस म्हणाला. मी म्हणालो, "चालेल, मला येतं." हे म्हणताना मला थोडं बरंही वाटलं होतं, ते लपवत नाही.

त्या पुस्तिकेने पहिल्यांदा आम्हाला तारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी मोरीतून बाहेर आली ती भिंत धरून. "भावजी, रगत जातंय." मी धावत जाऊन पुस्तिका आणली. त्यात लिहिलं होतं, एक-दोन दिवस लघवी लालसर होईल, तो औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे, घाबरू नका. मी वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग खाली बसली आणि हसायला लागली. "आता काय, आमची रंगपंचमी पोटातच!" त्या दिवसापासून ती रोज दुपारी अंगणात बाजेवर बसून म्हणायची, "वाचा, काय म्हणतंय पुस्तक." तोंड येईल असं पुस्तक म्हणालं, तोंड आलं. केस जातील म्हणालं, उशीवर केस आले. ताप आला तर घरी थांबू नका म्हणालं, तेव्हा आम्ही भर दुपारी गाडी करून पळालो आणि डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. छापलेलं सगळं खरं होत होतं. तिची श्रद्धा वाढत गेली आणि माझा भाव.

सुजाताला तेव्हा दिवस गेले होते. आधी दोनदा राहून गेलेलं होतं. दुसऱ्या वेळेस तर पाचव्या महिन्यात. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं त्या वेळी. आता पुन्हा राहिलं होतं आणि मी रोज सकाळी तिच्या चेहऱ्याकडे बघून दिवस कसा जाईल ते ठरवत होतो.

पुस्तिकेत घरच्यांसाठी एक पान होतं. ते पान मी अंगणातच वाचलं. वैनी बाजेवर, सुजाता उंबऱ्यात मेथी निवडत. डोस झाल्यावर एक-दोन दिवस रुग्णाची लघवी, उलटी, घाण झालेले कपडे हाताळताना हातमोजे घालावेत. कपडे वेगळे धुवावेत. गरोदर बाईने हे काम करू नये. हे सगळं मी नीट वाचलं, नीट समजावलं. त्याच्या खालची ओळ इंग्रजीत अगदी सोपी होती, आठवीच्या पोरालाही लागली असती. जेवणाची भांडी नेहमीसारखी धुऊन सर्वांनी वापरायला हरकत नाही. एकत्र बसणं, जवळ घेणं, मिठी मारणं सुरक्षित आहे.

माझी नजर त्या ओळीवर थांबली. मला ती कळली. पण सुजाताचा हात मेथीवरून पोटावर गेला होता. मी चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे काय, तर," मी म्हणालो, "वैनीचं ताट, पेला, कप वेगळा ठेवायचा. जेवण वेगळं. बाळ होईपर्यंत सुजातानं तिच्या खोलीत जायचं नाही."

  मग वैनीने विचारलं, "भावजी, ह्ये लिवणारा डागदर कोणत्या गावचा हो?"

"कावून?" मी विचारलं. घाबरलो की माझी शाळेतली भाषा सुटते आणि गावातली तोंडात येते.

"न्हाई, आपल्याकडचा वाटतोय. खुंटी लई चांगली ठाऊक हाय त्याला."

सुजाता म्हणाली, "मोठ्याई, तसं नसतंय वो. आजारपणाचं हाय ते." वैनी तिच्याकडे बघून लगेच म्हणाली, "मी कुठं काय म्हणलं, बाई? पुस्तकात हाय ना? मग झालं. तुझं लेकरू नीट येऊ दे." आणि ती स्वतः उठून आत गेली, मांडणीवरून एक ताट घेतलं, एक पेला, एक कप, आणि ते आपल्या खोलीत नेऊन ठेवलं. मी तिला थांबवू शकलो असतो. स्वयंपाकघर ते तिची खोली, मध्ये अख्खं अंगण होतं.

भांडी घासताना मिसळतील म्हणून सुजाताने त्यांच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावला. गुलाबी. बिचारीने माझं ऐकून लावला. पुढे भावकीच्या बायकांनी तो ठिपका पाहिला आणि त्यावरून सगळं रामायण झालं.

मग तो सगळा हंगाम तसा गेला. कापूस फुटला होता. दुपारी रस्त्याने गोणी भरलेल्या गाड्या जायच्या, हवेत बोंडांचे तंतू तरंगायचे. वैनी खोलीच्या दारात बसून डोक्याला फडकं गुंडाळून त्या तंतूंकडे बघायची. आम्ही ओसरीत जेवायचो, ती खोलीत. आतून तिचा आवाज यायचा, "आमटीला मीठ जरा कमी हाय का गं?" तिच्या तोंडाला चव नव्हती, तिला मीठ कळतच नव्हतं. आम्ही आहोत ना, एवढंच तिला बघायचं असायचं. सुजाता इकडून ओरडायची, "हो वो, इसरलेच!" आणि मिठाला बरोबर असलेल्या आमटीत चिमूटभर मीठ टाकायची. आम्ही खारट आमटी खायचो.

बाजारपेठेतले एक वाणी, जातीने लिंगायत, दादाचे जुने मित्र, तिला भेटायला आले. येताना भस्म लावून, हातात मोसंब्या. दारातच बसले, चहा आला. त्यांनी हात पुढे केला तर वैनी ओरडली, "शेटजी, तो न्हाई, तो माझा हाय! त्याला शिवू नका!"

शेटजी आधी दचकले, मग गडगडून हसले. "वैनी, हे बरं हाय. आमच्या बापानं तुमाला शिवू दिलं न्हाई, आता तुमी आमाला शिवू देईनात. फिटंफाट झाली म्हणायची!"

"फिटली कुठं," वैनी म्हणाली. "तुमाला एकच दिस झाला की. अजून लई बाकी हाय."

दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी ओसरीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही.

अश्विन पौर्णिमेला मी विहारात शेवटचं वाचन केलं. वैनीला गर्दीत नेऊ नका असं पुस्तिका म्हणत होती. ते मात्र खरंच लिहिलं होतं. लोकांनी विचारलं, मी सांगितलं. मग समतेवरचं एक पान वाचून 'म्हणजे काय, तर' म्हणालो आणि पुढे मला काही सुचेना. लोकांना वाटलं, वैनीच्या काळजीने गळा दाटला. एका आजीने पाठीवरून हात फिरवला. तो हात अजून खुपतो.

आणि सीताफळं. आमच्याकडे सीताफळ कोणी एकट्याने खात नाही. दोन हातांत धरून उकलायचं आणि अर्धं समोरच्याला द्यायचं, ही वैनीचीच सवय, सगळ्या घराला लागलेली. फळं धुऊन, आपल्या हाताने सोलून खायला तिला परवानगी होती. डोस होऊन बरेच दिवस झाले होते, तोंड थोडं सुधारलं होतं. त्या दुपारी मी तिच्या दाराशी उभा होतो. तिने एक फळ धुतलं, उकललं आणि सवयीने अर्धं माझ्याकडे केलं.

मला ठाऊक होतं की काही होत नाही. मी ती ओळ वाचलेली होती. पण सुजाता अंगणात कपडे वाळत घालत होती आणि मी तिच्या देखत सांगितलेलं होतं. त्या अर्ध्या फळाला हात लावला असता तर माझंच वाक्य खोटं पडलं असतं. मी म्हणालो, "तिथं ठेवा, वैनी."

तिने ते उंबऱ्यावर ठेवलं. मग हात मागे घेऊन पदराला पुसला, जणू चूक तिची होती. थोड्या वेळाने मुंग्या आल्या. मी बघत होतो, तीही बघत होती.

मुलगी झाली, नीट झाली. वैनीचे डोसही संपले, गाठी गेल्या, डॉक्टर म्हणाले आता फक्त तपासणीला या. केस पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. आता सगळं पूर्वीसारखं होईल असं मला वाटलं. मी कोणालाच काही न सांगता ते आपोआप पूर्वीसारखं व्हावं, ही माझी युक्ती. पण वैनी आपल्याच ताटात जेवत राहिली. सुजाता म्हणाली, "मामा, आता मिसळायची का भांडी? पुस्तकात काय हाय पुढचं?" आमच्याकडे सून सासऱ्याला मामाच म्हणते. मी म्हणालो, "बघतो." बघितलं नाही. बघायचं काय होतं?

बारशाला तिने नातीला दुरूनच ओवाळलं. मग एक दिवस तिची लेक विमल गेवराईहून आली होती, तिच्याबरोबर वैनी निघाली. "चार दिवस जाऊन येते." पिशवीत दोन पातळं, औषधं, आणि तळाला ते ताट, पेला, कप. एस.टी.त चढताना पिशवीतून भांड्यांचा आवाज आला तेव्हा मला कळलं की ती परत येणार नाही.

भावकीने सुनेला धरलं. भांड्याला ठिपका कोणी लावला? सुनेनं. म्हातारी कधी गेली? लेकरू झाल्यावर. हिशोब जुळला. माझ्या तोंडावर एकजण म्हणाला, "गुरुजी, तुमी भोळे. आजकालच्या पोरी लई पोचलेल्या." मी म्हणालो, "जाऊ द्या." एवढंच. सुजाता आत होती, तिने ऐकलं. माझ्या ताटात तिने त्या दिवशीही गरम भाकरीच वाढली.

मी गेवराईला जात राहिलो. दर वेळी ठरवून जायचो. बीडपर्यंत वाक्य तयार असायचं, पुढे हायवेला लागलो की त्याचे शब्द बदलायला लागायचे, आणि विमलच्या दारात पोहोचेपर्यंत ते प्रकृतीच्या चौकशीवर येऊन थांबलेलं असायचं. वैनी खूश दिसायची. विमलची पोरं तिच्या अंगाखांद्यावर असायची. तिथे ती सगळ्यांच्या ताटात जेवायची, कारण विमलने पुस्तिका वाचलेली नव्हती.

गाठी परत आल्या तेव्हा तिने डोस नको म्हणून सांगितलं. मी शेवटचा गेलो तो असाच सीताफळांचा हंगाम होता. ती खाटेवर, फार हलकी झालेली. विमल दळण आणायला गेली होती. आम्ही दोघंच. याहून बरी वेळ मला मिळणार नव्हती.

"वैनी," मी म्हणालो.

"बोला की."

"ती पुस्तिका..."

"हाय का अजून? टाकू नका बरं. पोरगी मोठी झाली की तिला वाचून दाखवा. म्हणावं, तुझी आजी तुला न घेताच कावून गेली, तर हे बघ, ह्याच्यात लिवलंय. तुझ्यासाठी गेली." तिने दम घेतला. "खरं सांगू का भावजी? पुस्तकात होतं म्हणून बरं झालं. न्हाई तर त्या दिशी मला वाटलं असतं की, माझ्याच घरात, माझ्याच हातानं वाढवलेल्या माणसानं मला खुंटी दाखवली. कशी मेले असते मी?"

मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. शिरा काळ्या पडलेल्या होत्या, त्या लाल औषधाने. मला वाटलं, आता सांगितलं तर मी तिचं ते एवढंसं समाधानही काढून घेईन. आजही कोणी विचारलं तर मी हेच कारण सांगेन, आणि ते खोटं नाही. पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही खोटं नाही.

"काय म्हणत होता तुमी?" तिने विचारलं.

"काही नाही. पाचची गाडी चुकेल."

"मग जावा की. उगं कावून थांबले?"

मी उठलो, चप्पल घातली. दारात पुन्हा एकदा वळलो. तिने डोळे मिटले होते, पण झोपली नव्हती. विमल येईपर्यंत मला थांबता आलं असतं, नंतरची गाडीही होती. वैनी, ते पुस्तकात नव्हतं. ते मी म्हणालो होतो. मला माफ करा.

हे मी स्टँडवर म्हणालो, बसमध्ये बसल्यावर.